आधी कापडाची उलटी बाजू बघा

गेल्या अंकात मी ग्वाटेमालातल्या आंतिग्वा शहरातल्या एका छोट्या विणकाम-संग्रहालयाबद्दल लिहिलं होतं. जुन्या कौलारू घरातल्या चार खोल्या, मधे अंगण, अंगणात माग लावून बसलेली विणकर बाई आणि रस्त्याच्या बाजूला दुकान, एवढाच त्याचा पसारा. लेख जेमतेम दीड पानाचा होता, पण पत्रं बरीच आली. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं जमत नाही, म्हणून काही प्रश्न निवडून इथे घेते आहे. नव्या वाचकांसाठी एवढं सांगते की मी बावीस वर्षं मागावर काम करते, आणि माया बायका कमरेला बांधून जो माग चालवतात तो शिकायला आंतिग्वाजवळ तीन आठवडे राहिले होते.

ताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलीबरोबर ग्वाटेमालाला जाणार आहे. आंतिग्वासाठी आमच्याकडे एकच दिवस आहे. चर्चचे अवशेष, ज्वालामुखी, कॉफीचे मळे एवढं सगळं असताना चार खोल्यांच्या संग्रहालयात वेळ घालवावा का? आम्हा दोघींनाही विणकामातलं काही कळत नाही. तिथे नेमकं काय बघायचं?

घालवा, आणि सकाळी पहिल्यांदा तिथेच जा. अवशेष कुठे पळून जात नाहीत. १७७३च्या भूकंपांनी हे शहर इतकं मोडलं की राजधानीच इथून हलवली गेली, आणि पडक्या भिंती, कमानी आजही प्रत्येक वळणावर दिसतात. दगडी रस्त्यांवरून चालताना ते सगळं आपोआप पाहून होतं. पण त्याच रस्त्यांवर पाठीशी बाळ बांधून, डोक्यावर कापडाची घडी ठेवून जाणाऱ्या बायका भेटतील. संग्रहालयाआधी पाहिलंत तर ‘किती रंगीत कपडे’ एवढंच म्हणाल. नंतर पाहिलंत तर ‘ही आतित्लान तळ्याकडची दिसते, ती शेजारच्या सान अंतोनियोची’ असं म्हणाल.

आत गेल्यावर खोल्या अंधाऱ्या वाटतील. उजेडाने रंग उडतो म्हणून तसं ठेवलेलं असतं. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा. मग पोशाखाचे भाग ओळखून घ्या. वरचा सैल, बिनबाह्यांसारखा दिसणारा अंगरखा म्हणजे विपील. काक्चिकेल या माया भाषेत त्याला ‘पोट’ म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द गमतीचा वाटतो, पण ‘विपील’ हा मेक्सिकोकडच्या नाहुआतल भाषेतून आलेला शब्द आहे, आणि ‘पोट’ हा विणणाऱ्या बायकांचा स्वतःचा. खाली गुंडाळायचं लांब कापड ते कोर्ते, त्यावर कमरेला फाहा, आणि डोकं झाकायला, भाकऱ्या गुंडाळायला, बाळ बांधायला, उन्हात सावलीला, अशा शंभर कामांना येणारं चौकोनी कापड ते त्सूते.

एवढं ओळखता आलं की गावं बघा. ग्वाटेमालात बावीस माया भाषा बोलल्या जातात, पण पोशाख भाषेपुरता थांबत नाही, गावागणिक बदलतो. तुमच्यासाठी चार-पाच ठिकाणं सांगते. सांतियागो आतित्लानच्या विपीलवर जांभळे पट्टे आणि भरतकामातले पक्षी. तिथल्या जुन्या पद्धतीत डोक्याभोवती कित्येक मीटर लांबीची अरुंद पट्टी गुंडाळत नेतात, तिची सपाट चकती तयार होते. हा तोकोयाल. तो कुठे पाहिल्यासारखा वाटला, तर पर्समधलं २५ सेंताव्होंचं नाणं काढा. त्यावर तोकोयाल बांधलेली त्याच गावची स्त्री आहे. चिचिकास्तेनांगोच्या विपीलला गळ्याभोवती सूर्याच्या किरणांसारखी दाती असतात. नेबाहकडच्या इशील बायकांच्या विपीलवर पक्षी, घोडे, माणसं दाटीने उभी असतात, आणि केसांत गोंडे लावलेली पट्टी असते. कोबानकडचा पिकबिल प्रकार मात्र पटकन नजरेतून सुटतो, कारण तो पांढऱ्यावर पांढरा आहे. जाळीसारखं तलम कापड आणि त्यात पांढऱ्याच धाग्याने उमटलेली नक्षी. बाजूने वाकून, उजेडाच्या दिशेला तोंड करून बघा, तेव्हा आकृती वर येते. मी त्या एका कापडापुढे सगळ्यात जास्त वेळ उभी होते.

एका गोष्टीपासून जरा जपा. वाटाडे प्रत्येक आकृतीचा ठरलेला अर्थ सांगतात. ही नागमोडी रेघ म्हणजे डोंगर, हा हिरा म्हणजे विश्व. काही अर्थ खरेच पिढ्यान्‌पिढ्या आलेले आहेत. पण मला शिकवणाऱ्या बाईंना मी त्याच नागमोडी रेघेबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी आधी डोंगर म्हटलं, मग त्यांची आई हिला साप म्हणायची असं म्हटलं, आणि शेवटी ‘ही इथे चांगली बसते’ असं सांगितलं. मला तिन्ही उत्तरं खरी वाटली. त्यामुळे अर्थाची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. हात कसा चालला आहे ते बघा.

त्यासाठी सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कापडाची उलटी बाजू. संग्रहालयातल्या जुन्या कापडांना हात लावायचा नाही, पण विचारलंत तर तिथली माणसं आनंदाने एखादा कोपरा उलटून दाखवतात, आणि दुकानात तर तुम्ही स्वतः बघू शकता. सुलट बाजूला नक्षी दिसते, उलट्या बाजूला ती कशी झाली ते कळतं. कुठे धागा संपला, कुठे नवा जोडला, एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे धागा कसा उडी मारून गेला. आणि मग सान अंतोनियो आग्वास काल्येन्तेसचं कापड मागा. हे गाव आंतिग्वापासून अगदी जवळ आहे. तिथल्या उत्तम विणकर बायका अशी नक्षी काढतात की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. उलट कुठली, सुलट कुठली हे तुम्हाला सांगता येणार नाही. मी मागावर आयुष्य काढलेली बाई, मलाही आलं नाही.

शेवटी अंगणातल्या विणकर बाईंजवळ अर्धा तास बसा. मधे काही विचारू नका. त्या बोटांच्या टोकाने उभे धागे मोजतात, तीन उचलतात, चार सोडतात, रंगीत धागा सरकवतात, पुन्हा मोजतात. समोर कुठलाही कागद नाही. मी बसले होते त्या अर्ध्या तासात कापड एक बोटही पुढे सरकलं नाही. तुमच्या मुलीला हे दाखवाच. दुकानातल्या किमती तिला नंतर वेगळ्या दिसतील.

एक दिवस राजधानीत मोकळा मिळाला तर ‘म्युझेओ इश्चेल’ हे मोठं वस्त्र-संग्रहालय फ्रान्सिस्को मार्रोकिन विद्यापीठाच्या आवारात आहे. चंद्र, बाळंतपण आणि विणकाम यांच्याशी जोडलेल्या माया देवीचं नाव त्याला दिलं आहे. तिथला संग्रह फार मोठा आणि उत्तम. पण पहिल्यांदा बघणाऱ्याने लहान ठिकाणी बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मी हातमाग शिकते आहे. तुमच्या लेखात ‘बाईचं शरीर हाच मागाचा अर्धा भाग’ असं वाक्य होतं. पण ज्या मागाला फणी नाही, पायाने दाबायच्या पट्ट्या नाहीत, चौकट नाही, तो चालतो कसा?

तुझा प्रश्न वाचून मला माझा तिथला पहिला दिवस आठवला. मीही हेच शोधत होते : चौकट कुठे आहे?

नाहीच. काही काठ्या, दोऱ्या आणि एक पट्टा, एवढंच. स्पॅनिशमध्ये त्याला ‘तेलार दे सिंतुरा’, म्हणजे कमरेचा माग म्हणतात. वरची काठी दोरीने खांबाला किंवा झाडाला बांधतात. खालच्या काठीची दोन्ही टोकं कमरेमागून गेलेल्या पट्ट्याला अडकवतात. मधे ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे. विणणारी बाई चटईवर गुडघे मोडून बसते. ती मागे रेलली की ताणा कडक, पुढे झुकली की सैल. आपल्या मागावर ताण एकदा बसवला की आपण तो विसरून जातो. इथे तो क्षणोक्षणी कमरेने सांभाळायचा.

आता धागे वरखाली कसे होतात ते. एक जाडशी काठी ताण्याच्या एकाआड एक धाग्यांखालून घातलेली असते, ती ते धागे उचलून धरते. उरलेले धागे सुताच्या छोट्या फासांत ओवलेले असतात आणि ते सगळे फासे दुसऱ्या एका काठीला बांधलेले असतात. ती काठी उचलली की दुसरा थर वर येतो. पण उचलताना अंगाने किंचित पुढे यावं लागतं, नाहीतर ताण इतका असतो की काठी हलतच नाही. मी पहिला दिवसभर हाताच्या जोराने ओढत होते. माझ्या शिक्षिका माझ्या पाठीवर हात ठेवून हलकेच पुढे ढकलायच्या. शब्दांनी काही सांगितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते मला आपोआप जमलं.

आपल्या मागावर आडवा धागा ठोकून बसवणारी जी फणी, तिचं काम इथे तलवारीच्या आकाराची, गुळगुळीत झालेली कठीण लाकडाची पट्टी करते. ती दोन थरांमधल्या मोकळ्या जागेत घालून कडेवर उभी करायची, जागा रुंद करायची, बाणा, म्हणजे आडवा धागा, घालायचा, आणि त्याच पट्टीने ठोकायचा. फणी नसल्यामुळे ताण्याचे धागे एकमेकांना खेटून बसतात आणि बाणा बराचसा झाकला जातो. म्हणून पट्टे नेहमी ताण्यातच ठरतात. कापडाचा मूळ रंग काय, पट्टे किती आणि कुठे, हे सगळं खुंट्यांच्या फळीवर ताणा लावतानाच नक्की होतं. वर जी फुलं, पक्षी दिसतात ते मात्र बाण्याबरोबर बोटांनी घातलेल्या जास्तीच्या धाग्यांचे.

रुंदी हात पोचतील तेवढीच. म्हणून विपील दोन किंवा तीन पट्ट्या जोडून होतो, आणि तो जोडही कित्येकदा रंगीत भरतकामाने सजवतात. त्या जोडाला रांदा म्हणतात. जोड लपवायचा नसतो तर दाखवायचा असतो, ही गोष्ट मला फार आवडली.

आणि एक गोष्ट, जी तुझ्यासारख्या शिकणारीलाच पटकन उमगेल. या पट्टीला चारही बाजूंनी पक्की किनार असते. आपण कापड मागावरून कापून काढतो. इथे ताण्याची लांबी आधीच बेतलेली असते आणि विणकाम दोन्ही टोकांकडून सुरू करता येतं. मग शेवटची दोन-तीन बोटं जागा उरते. तिथे ती तलवार शिरत नाही, काठ्या एकेक करून काढाव्या लागतात, आणि शेवटचे बाणे सुईने ओवावे लागतात. त्या जागी विण जराशी वेगळी, बहुधा थोडी विरळ होते. जुन्या विपीलवर ती जागा शोध. सापडली की समज, हे कमरेच्या मागावरचं आहे.

सांतियागो आतित्लानमध्ये मागाच्या भागांना शरीराच्या अवयवांची नावं आहेत. पण लेखातलं ते वाक्य मी त्यावरून लिहिलं नव्हतं. संध्याकाळी पट्टा सोडल्यावर ताणा एकदम ढिला पडून चटईवर पसरला. माझ्याशिवाय तो माग उभाच राहत नव्हता, म्हणून ते सुचलं.

माझी पहिली पट्टी मधे अरुंद आणि टोकांना रुंद झाली, कारण प्रत्येक बाणा मी जरा जास्त ओढत होते. ती मी जपून ठेवली आहे. मेक्सिकोतल्या जाइना बेटावर मातीच्या माया छोट्या मूर्ती सापडल्या आहेत, हजार वर्षांहून जुन्या. त्यातली एक अशीच बसलेली आहे : पाय दुमडलेले, कमरेला माग, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला, आणि बुंध्यावर एक पक्षी. तिचा फोटो मी माझ्या मागासमोर लावला आहे.

संग्रहालयाच्या दुकानात एक विपील अडीच हजार केत्सालना होता, आणि बाजारात तसाच दीडशेला. पर्यटकांना लुटतात का? घासाघीस करावी का?

तसाच नव्हता. मी तो पाहिलेला नसतानाही हे खात्रीने सांगते.

एका डॉलरला साधारण साडेसात ते आठ केत्साल पडतात. दाट नक्षीच्या विपीलला घरचं काम सांभाळून रोज तीन तास विणलं तरी तीन महिने सहज लागतात, बारीक कामाला याहून पुष्कळ जास्त. तीन महिन्यांचे झाले सुमारे पावणेतीनशे तास. अडीच हजाराला भागा : तासाला नऊ केत्साल. त्यातून सूत वजा करा, दुकानाचा वाटा वजा करा. आता सांगा, कोण कुणाला लुटतं आहे?

दीडशेचा विपील बहुधा छापलेला असणार. हल्ली खऱ्या विपीलचा फोटो काढून तो तसाच्या तसा कारखान्यातल्या कापडावर उष्णतेने उतरवतात. लांबून धागेही दिसतात, अगदी सावलीसकट. मीही एकदा फसले. एका दुकानात, नाव घेत नाही, मेजावर अंथरायची पट्टी हाताने विणलेली म्हणून घेतली. संध्याकाळची वेळ होती, गर्दी होती, मी नुसती सुलट बाजू पाहिली. खोलीवर येऊन उलटली तर मागून पांढरी फटक. पैशांचं मला फारसं वाटलं नाही. ज्या गावातल्या बायकांनी ती नक्षी बसवली, त्यांच्याकडे यातला एक सेंताव्होही गेला नाही, हे मात्र मनातून जाईना. बावीस वर्षं कापड हाताळणाऱ्या बाईने तेवढं तरी बघायला हवं होतं.

म्हणून पुन्हा सांगते, उलटा. छापील असेल तर मागची बाजू फिकी. यंत्रावरचं भरतकाम असेल तर मागे एकसारखा पांढरा दोरा आणि कधी कधी चिकटवलेल्या कागदाचे तुकडे. हाताचं असेल तर रंगीत धाग्यांची ये-जा, बारीक गाठी, एखादी चूक आणि ती सुधारलेली जागा. मग कडा तपासा, चारही बाजूंना किनार आहे का ते बघा. ज्या कापडाची कड कापून दुमडलेली आहे ते पायाच्या मागावरचं असू शकतं. ते खोटं नव्हे, निराळं आहे. किंमत मात्र त्यानुसार हवी.

घासाघिशीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाजारात भाव थोडा वरखाली करायची तिथे रीत आहे, आणि हसतखेळत केलं तर कुणी वाईट मानत नाही. पण समोर जी बाई बसली आहे तिनेच विणलं असेल, तर मी करत नाही. सहकारी दुकानांत आणि संग्रहालयांत किमती ठरलेल्या असतात, तिथे भाव कमी मागूच नये. त्याऐवजी विचारावं, ‘हे कुणी विणलं?’ चांगल्या दुकानात चिठ्ठीवर बाईचं आणि गावाचं नाव असतं. नाव सांगता आलं नाही, निदान गाव तरी सांगता यायला हवं.

जुन्या विपीलचा प्रश्न अवघड आहे. पुष्कळ बायका ते अडचणीच्या वेळी विकतात. ते कापून पिशव्या आणि पाकिटं करतात, आणि त्या पिशव्या सगळीकडे लटकलेल्या दिसतात. विरलेल्या, फाटलेल्या कापडाचा चांगला तुकडा पिशवीत जगला तर मला आनंदच आहे. पण धडधाकट विपीलच्या छातीवरची नक्षी कापून केलेली पिशवी मी घेत नाही. ज्या कापडाला मागावर कात्री लागली नाही, त्याला नंतर लागलेली बघवत नाही.

मी महाविद्यालयात शिकते. मला विपील घालायला खूप आवडेल, पण दुसऱ्यांच्या परंपरेचे कपडे आपण घालणं चूक आहे असं मैत्रिणी म्हणतात. तुम्ही घालता का?

घालते. पण कसा आणि कुठे, त्याचा मी विचार करते, आणि तुझ्या मैत्रिणींची शंका मला गैर वाटत नाही.

ग्वाटेमालात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं यादवी चालली. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला, त्यात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांचा आकडा दोन लाखांवर आहे, आणि ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते. मी वर लिहिलं ना, की विपीलवरून गाव ओळखता येतं? त्या वर्षांत हेच जिवावर बेतत होतं. आपण कुठल्या गावच्या हे कळू नये म्हणून कितीतरी बायकांनी आपला विपील उतरवला, साधे कपडे घातले किंवा दुसऱ्या गावचा विपील घातला. आणि त्याच काळात नवरे गमावलेल्या बायका विणकामावर घर चालवू लागल्या. केत्साल्तेनांगोची ‘त्रामा तेक्स्तीलेस’ ही बायकांची संस्था १९८८ सालची आहे. तिथे माग शिकताही येतो. पुढे १९९२ साली रिगोबेर्ता मेंचू यांना शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा जगाने त्यांना विपीलमध्येच पाहिलं.

ज्या कापडाने एवढं सोसलं आहे ते केवळ छान दिसतं म्हणून अंगावर चढवू नये, एवढं तुझ्या मैत्रिणींचं खरं. पण विणकर बायका स्वतः काय म्हणतात? आंतिग्वा ज्या साकातेपेकेस जिल्ह्यात आहे, तिथल्या बायकांच्या संघटनेने २०१६ साली देशाच्या घटनात्मक न्यायालयाचं दार ठोठावलं. त्यांचं म्हणणं होतं, आमच्या नक्षीवर आमच्या समाजांचा सामूहिक हक्क आहे, तो कायद्याने माना. त्यांची तक्रार नक्षी उचलून कारखान्यात छापणाऱ्या कंपन्यांबद्दल होती. विणणारीकडून रास्त किमतीला विकत घेऊन घालणारी मुलगी आणि ती कंपनी, या दोघी एक नाहीत.

मी माझा विपील घातला तेव्हा माझ्या शिक्षिकांनी खांद्यावरून तो नीट केला, मागची बाजू कोर्तेत कशी खोचायची ते दाखवलं, आणि शेजारणीला बोलावून आणलं. तरी त्यांच्या गावात डोक्यापासून पायापर्यंत त्यांचा पोशाख करून मी फिरले नाही. तो त्यांचा. आणि धार्मिक मंडळांच्या बायका सणाच्या दिवशी वरून घालतात तो मोठा विपील विकायला दिसला तरी मी घेणार नाही. तू रोजच्या वापरातला एखादा घे, कुठल्या गावचा ते लक्षात ठेव, आणि कुणी विचारलं तर सांग.

त्या कापडातले सगळे रंग वनस्पतींचे असतात का?

नाही, आणि तसं सांगणाऱ्या दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारा. १८५६ साली इंग्लंडमध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला आणि पुढच्या काही दशकांत जगभरचं रंगकाम बदललं. ग्वाटेमालाला तर त्याचा थेट फटका बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आंतिग्वा आणि आमातित्लानच्या आसपास निवडुंगाची शेती होती, त्यावर कोचिनील नावाचा किडा वाढवत, आणि त्या वाळवलेल्या किड्यांचा लाल रंग ही देशाची मुख्य निर्यात होती. कृत्रिम रंगांनी तो धंदा बसला आणि कॉफीची लागवड पसरली. वरच्या शिक्षिकाबाई कॉफीचे मळे बघायला जातील तेव्हा त्यांनी हे जरूर आठवावं.

नैसर्गिक रंग बघायचे तर आतित्लान तळ्याकाठच्या सान हुआन ला लागुना गावी जा. तिथे बायकांच्या सहकारी संस्था सूत रंगवून दाखवतात आणि रंग पक्का करायला केळीच्या खोडाचा उपयोग करतात. कोचिनीलचा किडा तळहातावर चुरडला की गर्द लाल येतो, त्यावर लिंबू पिळलं की तो केशरीकडे झुकतो. तुमच्या हातावरच करून दाखवतील. तपकिरी कापूस, ज्याला तिथे कुयुस्काते म्हणतात, तोही मागून बघा. त्याला रंग द्यावा लागत नाही, तो बोंडातच तपकिरी असतो.

पण झगझगीत गुलाबी, पोपटी धाग्यांचे विपील बघून नाक मुरडू नका. कारखान्याचं सूत बाजारात आल्यावर माया बायकांनी ते स्वतः निवडलं, कारण त्यांना ते रंग हवे होते. जुना तेवढा खरा आणि नवा तेवढा बिघडलेला, ही आपली समजूत त्यांच्यावर लादायचं कारण नाही.

पुरुष विणत नाहीत का?

विणतात. स्पॅनिश लोकांनी आणलेला पायाचा माग मुख्यतः पुरुषांकडे राहिला. कोर्तेचं लांबरुंद कापड त्यावरच होतं. साल्काहा हे गाव हास्पेसाठी प्रसिद्ध आहे : सूत आधी जागोजागी घट्ट बांधून रंगवतात, मग विणतात, आणि नक्षी कडेला किंचित पसरलेली दिसते. कोर्ते दुकानात दिसला की तो उलटून बघायची गरज नाही, रंग धाग्यात मुरलेला असल्याने दोन्ही बाजू सारख्या असतात.

मुलाने तिथून विपील आणला आहे. धुवायचा कसा?

आधी पांढरं सुती फडकं ओलं करून लाल आणि जांभळ्या धाग्यांवर दाबून बघा. रंग फडक्यावर आला तर घरी धुऊ नका, नुसता वारा द्या. आला नाही तर गार पाण्यात, सौम्य साबणाने, एकटाच धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. हँगरला टांगला तर वजनाने खांद्यावरचा भाग ताणला जातो. मी माझा जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते आणि दर सहा महिन्यांनी घडी दुसऱ्या जागी मोडते. धागा तुटतो तो बहुतेक जुन्या घडीवरच.